वारा हुडकणारी किनुए

रिकुबेत्सुत हिवाळा म्हणजे चेष्टा नाही. थंडी अशी पडते की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळावं, तोवर त्याची फळी झालेली. अशा गावात सुताराची बायको होऊन किनुए फुकासेनं अर्धं आयुष्य काढलं, आणि त्यातला बराच काळ गुडघ्यांवर रांगत, दुसऱ्यांच्या नव्या घरांतल्या फटी हुडकत काढला. हा काय धंदा झाला, असं कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "धंदा कसला? खाज आहे ती माझी."

खाज लहानपणापासूनची. बाप कोळशाच्या खाणीत, घर खाणीच्या चाळीत. सकाळी जाग यायची तेव्हा रजईच्या काठावर बर्फाची बारीक भुकटी पडलेली असायची. सगळ्यांना ती झटकून टाकायची घाई, आणि हिला प्रश्न पडायचा की ही आत आली कुठून? खिडकी बंद, दार बंद, खाली फडकं कोंबलेलं. मग ही पोर ओला गाल भिंतीला लावून फळी न् फळी तपासत बसायची. आई वैतागायची. "आधी रजई झटक बये, मग काय ते संशोधन कर!" एकदा तिला ती फट सापडली, छताच्या वाशाजवळ, सुई जाईल न जाईल एवढी. किनुएनं त्यात भाताचं शीत चेपलं. दुसऱ्या दिवशी भुकटी शेजारच्या फटीतून आली. तिला काय आनंद झाला म्हणता! वारासुद्धा डोकं चालवतो, असं तिनं शाळेत सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे तिला हसले.

पुढे गेनझो फुकासेशी लग्न झालं. गेनझोचा हात लाकडावर असा बसलेला की दोन वासे जोडले तर सांधा शोधायला चष्मा लागावा. किनुए कामावर झाडू मारायची, डबे न्यायची, खिळे वेचायची. मग नव्या तऱ्हेची घरं आली. भिंतीत ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा जाड कापूस, भरायचा, त्यावर आतून प्लॅस्टिकचा कागद ताणायचा, कागदाचा सांधा न् सांधा चिकटपट्टीनं बंद करायचा, आणि मगच वरून फळ्या मारायच्या. वारा आत येता कामा नये आणि ऊब बाहेर जाता कामा नये. जुने सुतार पोट धरून हसले. "घर बांधतोय का मुळ्याचं लोणचं घालतोय?" गेनझो त्यात सगळ्यांत पुढे. लाकडाशी बोलणारा माणूस तो, चिकटपट्टी हातात आली की त्याचा जीव जायचा. ती त्याच्या बोटांना चिकटायची, बाहीला चिकटायची, एकदा तर भुवईला चिकटली. भिंतीला सोडून सगळ्याला.

त्याच्या पहिल्या तसल्या घराची तपासणी करायला ओबिहिरोहून उरानो आला. लांबट चेहऱ्याचा, हळू बोलणारा गडी. त्यानं एका खिडकीत मोठा पंखा बसवला, बाकी सगळं बंद केलं, आणि पंखा घरातली हवा बाहेर ओढायला लागला. हवा बाहेर चालली की फटींतून नवी आत घुसणारच. किती घुसते त्यावरून त्याचं यंत्र सांगायचं, की घरातल्या सगळ्या फटी गोळा केल्या तर केवढं एक भोक होईल. गेनझोच्या घराचं भोक निघालं दोन पोस्टकार्डांएवढं.

"पोस्टकार्डं दोन!" गेनझो कानांपर्यंत लाल झाला. "माझ्या घरात?"

"पण कुठून?" किनुएनं झाडू टाकून विचारलं.

"ते नाही कळत, वहिनी," उरानो म्हणाला. "यंत्र किती ते सांगतं. कुठून ते नाही सांगत."

झालं! त्या दिवसापासून किनुएनं झाडू धरला तो फक्त सवड मिळेल तेव्हा. पंखा चालू असताना ती भिंतीभिंतींवरून ओला हात फिरवायची. गार लागलं की घरातल्या देव्हाऱ्यातून आणलेली उदबत्ती पेटवायची, गेलेल्या माणसांपुढे लावतात तीच, आणि धूर कुठे वाकतो ते डोळे बारीक करून बघायची. नळ जिथे जमिनीतून वर येतो तिथे. विजेच्या डबीमागे. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे प्रत्येक सुताराला घाई होते. फट सापडली की तिचा चेहरा असा फुलायचा की घरमालकाला कळेना, हसावं की रडावं. पुढे चिकटपट्टीचं सगळं कामच तिनं हातात घेतलं. फुकासेंच्या घरांचं भोक पोस्टकार्डावरून आगपेटीवर आलं आणि तिथेच राहिलं. गेनझो चारचौघांत सांगायचा, "आमच्या घरांत आगपेटीपेक्षा मोठं भोक नसतं." आमच्या म्हणताना बायकोकडे बघायचा नाही, पण घरी आल्यावर तिच्या गुडघ्यांना मलम स्वतः चोळायचा. चालायचंच.

अशात मोरिहिकोच्या घराचं काम आलं. मोरिहिको दूधसंघात कामाला होता. त्याची म्हातारी आई, त्सुने, गावाबाहेरच्या जुन्या घरात एकटी राहायची. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, मरता मरता वाचली. डॉक्टरनं मोरिहिकोला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की त्या घरात अजून एक हिवाळा काढला तर मला बोलवायला येऊ नका, उपयोग होणार नाही. म्हणून हे नवं घर. थंडी धरायच्या आत आईला इथे आणायचं, एवढंच मोरिहिकोच्या डोक्यात होतं. त्सुनेआजी हो म्हणाली होती, पण कशी, तर दात काढायला तयार होतात तशी.

तरी रोज दुपारी तीनच्या चहाला ती यायचीच. घर बांधणाऱ्यांना घरच्या माणसानं चहा द्यायचा, ही इथली रीत. सून कामावर जायची, म्हणून म्हातारी किटली आणि लोणच्याचा डबा घेऊन हळूहळू चालत यायची. सुतार अंगणात ओंडक्यांवर बसून चहा प्यायचे आणि ती घरात एक चक्कर मारून यायची. बारीक अंगाची, वाकलेली, नाकात बोलणारी. किनुएला ती आवडायची, कारण तिला प्रश्न पडायचे.

"या खिडक्या उघडतात ना गं?"

"उघडतात की, आजी. एका हातानं."

"आणि हा कागद. भिंतीला श्वास कुठून मिळणार?"

"भिंतीला कशाला हवाय श्वास? तुम्हाला मिळाला म्हणजे झालं."

म्हातारीनं भिंतीवरचा कागद बोटानं दाबून पाहिला.

कागद लावून झाला, उरानो पंखा घेऊन आला. पंखा सुरू झाला, आणि हवा ओढली गेली तसे भिंतींवरचे कागद पोट फुगवून आत आले. यंत्रानं आकडा दिला. उरानोनं तो दोनदा बघितला.

"व्हिजिटिंग कार्ड," तो म्हणाला. "थोडं मोठंच."

"वीजवाला!" गेनझो ओरडला. फटीचा आळ घ्यायला वीजवाला नेहमी तयारच असतो, बिचारा हजर असो वा नसो. "त्यानंच कुठेतरी भोसकलंय!"

किनुए उदबत्ती घेऊन निघाली, आणि थोड्याच वेळात तिला ती जागा सापडली. आजीच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कागदाला बोटाएवढी चीर. तिनं ती बंद केली. पण कपाळावरची आठी गेली नाही. विजेची डबी त्या भिंतीवर नव्हतीच. आणि चीर चाकूची नव्हती. चाकू सरळ जातो. ही मध्ये अडखळून पुन्हा पुढे गेली होती, कात्रीनं कापल्यासारखी.

दुसऱ्या खेपेला उरानो आला तर आकडा होता तिथेच. आजीचीच खोली, दुसरी भिंत, तीच उंची. या वेळी दोन चिरा.

"उंदीर," गेनझो म्हणाला.

"उंदराला कात्री कुणी दिली हो?"

"मग काय भूत?"

"भूत असतं तर वर छताशी कापलं असतं," किनुए म्हणाली. "हे इतकं खाली का कापलंय?"

हा प्रश्न तिला सोडेना. माणूस उभ्यानं चीर मारतो तर छातीच्या उंचीला मारतो. बसून मारली तर पोटाच्या. वीतभर उंचीवर काय असतं? ती त्या चिरेपाशी मांडी घालून बसली, मग ओणवी झाली, मग सरळ जमिनीवर आडवी पडली, नव्या फळ्यांवर, आणि मान वळवली. चीर बरोबर तिच्या नाकासमोर आली. इथे बिछाना घातला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडावर वारा येईल, अशा हिशोबानं ती कापली होती.

किनुए उठून बसली. पंखा चालूच होता. तिनं उदबत्ती पेटवून चिरेपुढे धरली; बाहेरचा वारा आत घुसत होता, धूर तिच्या अंगावर आडवा आला. मागे काहीतरी हललं, म्हणून तिनं वळून पाहिलं. दारात त्सुनेआजी उभी होती. किटली तिनं खाली ठेवली होती, डोळे मिटले होते आणि उदबत्तीकडे तोंड करून हात जोडले होते.

किनुएनं उदबत्ती तशीच धरून ठेवली. "आजी," ती हळूच म्हणाली, "कुणासाठी?"

म्हातारीनं हात सोडले नाहीत. "तामेओ. माझा धाकटा भाऊ."

मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिनं सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं इतक्या कोरड्या आवाजात. ती पोर होती त्या काळी थंडी धरायच्या आत खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवायचे. त्या वर्षी ते काम पहिल्यांदा त्सुनेला मिळालं. तिनं घरभर पट्ट्या लावल्या, एक फट म्हणून ठेवली नाही. आई शेजारणींना बोलावून दाखवायची, बघा माझ्या पोरीचं काम. एका पहाटे आईबाप गोठ्यात धारा काढायला गेले. घरात दोघं भावंडं आणि रात्रीची कोळशाची शेगडी. त्सुनेला जाग आली ती डोकं फुटेल असं दुखत होतं म्हणून. कशीबशी ती बाहेर गेली, बर्फात ओकली, गार हवेनं बरं वाटलं. परत आली तर तामेओ शांत झोपला होता. गाल छान गुलाबी.

"मी म्हटलं, झोपू दे," त्सुनेआजी म्हणाली. "गोड झोपलाय, कशाला उठवू? मी त्याच्या अंगावरची रजई सारखी केली. कोळशाचा वायू भिनला की गाल असे रंगतात, हे मागून कळलं."

किनुएला रडू फुटलं. म्हातारी रडत नव्हती.

"तू कामाची बाई आहेस," ती म्हणाली. "एकही फट ठेवत नाहीस. मला तुझी भीती वाटते गं."

आजवर कुणी किनुएची तारीफ केली असेल, कुणी टिंगल केली असेल. तिची भीती वाटते असं कुणी म्हणालं नव्हतं. मग तिनं समजवायला घेतलं. या घरात कोळसा नाही. स्टोव्ह आहे तो बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेरच टाकतो. शिवाय छतात हवा खेळती ठेवायचं यंत्र बसणार आहे, ते रात्रंदिवस चालू राहील.

"आणि वीज गेली तर?"

"तर स्टोव्हही विझतो, आजी. जाळच नाही तर धूर कसला?"

"बाबाही म्हणाले होते, शेगडी विझलीय."

किनुएनं चिकटपट्टीचं रीळ पुढे ओढलं. म्हणाली, "मी तुमच्या या चिरा बंद करते. तुमच्यादेखत. नाही केल्या तर हिवाळ्यात इथे तुमच्या नाकाशी बर्फ गोठेल, आणि तुमची छाती पुन्हा भरेल." किनुएनं चिकटपट्टी लावली आणि लाटणं फिरवावं तशी रुळानं दाबून बसवली.

उरानोनं आकडा सांगितला. आगपेटी! गेनझोनं टोपी हवेत उडवली. एवढ्यात मोरिहिकोही कामावरून येऊन पोचला, आणि सगळे हसत असताना आजीच्या खोलीत आला.

"कुठून येत होता हो वारा?" त्यानं विचारलं.

"उंदीर," किनुए म्हणाली.

"बघ! मी काय म्हटलं होतं!" गेनझो म्हणाला.

"मोरिहिको," त्सुनेआजी म्हणाली, "मी इथे राहायला येणार नाही."

मोरिहिकोचा चेहरा उतरला. "आई, आता हे काय नवीन? घर कुणासाठी बांधलंय? डॉक्टर काय म्हणाले ते..."

"डॉक्टरला सांग, मी माझ्या घरी मरेन. वाऱ्यानं मरेन, पण उघड्या हवेत मरेन." आणि ती किनुएकडे वळली. "तुझी एवढी खात्री आहे ना? मग झोपून दाखव इथे. सगळी दारं-खिडक्या लाव. आणि झोप म्हणजे झोप, सोंग नको."

पुरुषांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. गेनझो काहीतरी बोलायला गेला, तर किनुएनं त्याला कोपरानं ढोसलं. "तुम्ही सगळे बाहेर जा. चहा गार होतोय."

"अगं पण कामाच्या वेळेला..."

"अहो, जा म्हणते ना!"

उरानोनं मुकाट्यानं पंखा काढला आणि खिडकी लावली. मोरिहिको जाईना, तेव्हा गेनझोनं त्याला दंडाला धरून नेलं. किनुएनं ग्लासवूलचं एक न उघडलेलं गाठोडं उशाला घेतलं आणि फळ्यांवर अंग टाकलं. घर असं बंद झालं होतं की बाहेरचा आवाजही आत येत नव्हता. म्हातारी तिच्या डोक्याशी बसली.

झोप कशी येणार, असं किनुएला वाटत होतं. पण दोन आठवडे ती भिंती चिकटवत रांगत होती, पाठीचा काटा ढिला झाला होता, आणि नव्या लाकडाचा वास नाकात भरला होता. आजीला काय वाटत असेल, याचा विचार करता करता तिचे डोळे जड झाले. सोंग राहिलं बाजूला, ती खरीच झोपली, गाढ, तोंड उघडं टाकून.

त्सुनेआजी बघत राहिली. किनुएचे गाल मुळातच गुलाबी. झोपेत ते आणखी रंगले. म्हातारीनं तिच्या नाकापुढे हात धरला; पण राबून निबर झालेल्या तळव्याला श्वास लागतोय की नाही ते कळेना.

"किनुए," ती म्हणाली.

किनुए हलली नाही.

"ए किनुए. पुरे झालं. ऊठ आता."

थकलेलं माणूस ते, कुठलं उठतंय! तिनं नुसती मान पलीकडे टाकली, आणि म्हातारीचा धीर सुटला. तिनं किनुएचे खांदे धरले आणि त्या बारीक अंगात कुठून आला कोण जाणे, एवढा जोर लावून गदागदा हलवलं. "ऊठ! झोपू नकोस! तामेओ, ऊठ! ऊठ रे, बाळा, ऊठ ना!"

बाहेर अंगणात त्या तिघांना अशा बंद घरातूनही ती हाक ऐकू आली. कप टाकून ते धावत आले.

किनुएनं डोळे उघडले. क्षणभर आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. वर म्हातारीचा चेहरा होता, आणि त्यावरून पाणी तिच्या तोंडावर टपटपत होतं.

"उठले, आजी," ती म्हणाली. "उठले मी. ही बघा."

"उठलास," त्सुनेआजी म्हणाली. तिनं किनुएचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "उठलास रे बाबा. हाक मारली तर उठलास."

दारात पुरुष उभे होते. किनुए उठून बसली आणि तिनं म्हातारीला छातीशी धरलं. मग त्सुनेआजीनं किनुएच्याच एप्रनला नाक पुसलं, कमरेला हात देत उभी राहिली आणि मुलाकडे पाहिलं.

"उभा काय राहिलास, मोरिहिको?" ती म्हणाली. "माझ्या रजया इथे कधी आणणार आहेस?"